राणीच्या गोष्टीचं पहिलं कातडं

मी भित्री आहे. लाडानं म्हणतात तशी नाही, खरोखरची. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे हे पाहून जिना उतरते आणि फाटकापाशी पोचल्यावर पुन्हा वर येते. अनोळखी नंबरावरून फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत हात लावत नाही. आयुष्यभर नागपुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवला, पण लढायांच्या धड्यात मला जिंकलेला राजा कधी दिसलाच नाही. दिसायचे ते गाव सोडून पळणारे लोक. त्यांनी निघताना चूल विझवली असेल का, याची मला काळजी. विद्यार्थी हसायचे, मी हसू द्यायचे.

माझ्या आवडीचा विषय म्हणजे जुन्या धर्मपोथ्या. मृत समुद्राकाठच्या गुहांमध्ये ज्यू लोकांच्या प्राचीन गुंडाळ्या सापडल्या, काही मातीच्या रांजणांत, कापडात गुंडाळून ठेवलेल्या. त्यांच्यावर मी दर वर्षी एक तास घ्यायचे. अभ्यासक्रमात नसला तरी घ्यायचे. ज्या मातीत त्या लिहिल्या गेल्या, त्याच मातीत ख्रिस्ती धर्म उगवला. पहिले ख्रिस्ती हे ज्यूच होते, तीच शास्त्रं वाचत होते, तशाच एका तारणाऱ्याची वाट पाहत होते. पुढे त्यांनी गुंडाळी सोडून पानं शिवायला घेतली आणि आपण ज्याला पुस्तक म्हणतो ते रूढ झालं. हे सगळं मी रंगून सांगायचे. पण माझा जीव अडकलेला असायचा तो रांजणाचं झाकण लावणाऱ्या माणसात. रोमी फौज येते आहे अशी खबर आली असेल. झाकण नीट बसलं का, हे त्यानं दोनदा पाहिलं असेल. इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांनीही पुढे काही ग्रंथ असेच मडक्यात घालून पुरले. माझं म्हणणं असं की पोथ्या लिहिणारे शूर असतील, पण आपल्यापर्यंत त्या पोचवल्या भित्र्यांनी. हे वाक्य मी फळ्यावर लिहायचे आणि कोणी ते उतरवून घ्यायचं नाही.

असली एक गुंडाळी कधी माझ्याच घरात येईल असं मात्र वाटलं नव्हतं. ती आली बाईंमुळे.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरच्या कडेला, बेशाला, आमच्याच इमारतीत फ्लॅट घेतला. तेव्हा मी पन्नाशीला आले होते, तरी त्यांना पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाहिलं तेव्हा ओढणी नीट केली. बाई ज्यू. कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. यजमान रेल्वेत होते, त्यामुळे नागपूर. यजमान गेले, मुलगा इस्राएलला जाऊन राहिला, बाई इथेच राहिल्या. नागपुरात त्यांच्या लोकांचं प्रार्थनाघर नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्या घरीच दिवा लावायच्या, आणि नवसाचा पोह्यांचा मलिदा केला की एक वाटी आमच्याकडे यायची. आई ती वाटी रिकामी परत द्यायची नाही, साखर घालून पाठवायची. बाई कोणत्या देवाच्या, हे तिनं कधी विचारलं नाही. “हात चांगला हाय बाईचा,” एवढं तिला पुरायचं.

बाईंकडे सासरच्या घराण्यातून आलेली ती गुंडाळी होती. कातड्याचे तुकडे तातीनं, म्हणजे जनावराच्या शिरांच्या दोऱ्यानं, एकमेकांना शिवून केलेली लांब पट्टी, त्यावर काजळीच्या शाईनं हातानं लिहिलेली हिब्रू अक्षरं. गुहांतल्या गुंडाळ्यांइतकी प्राचीन नव्हे, पण बनवायची रीत तीच. तिच्यात एकच गोष्ट. एक ज्यू मुलगी परक्या राजाची राणी होते आणि आपण कोण हे लपवून ठेवते. राजाचा वजीर तिच्या सगळ्या लोकांना मारायचा दिवस ठरवतो. बोलावल्याशिवाय राजापुढे जाणाऱ्याला मरण, असा तिथला कायदा. राणी घाबरते, उपास धरते, आणि न बोलावता जाते. या गोष्टीत देवाचं नाव एकदाही येत नाही. गुहांमध्ये ज्यूंच्या जवळजवळ सगळ्या शास्त्रांचे तुकडे मिळाले, हिचा मिळाला नाही. ख्रिस्ती लोकांनी तिला आपल्या ग्रंथात घेतलं, पण त्यांच्यातही सुरुवातीला काहींनी नाक मुरडलंच. देवाचं नाव नसलेली, भेदरलेल्या बाईची गोष्ट. मला ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली.

ही गुंडाळी वाचायचा त्यांचा सण आपल्या होळीच्या आगेमागे येतो. त्यांच्यातली जुनी माणसं त्याला होळीचा सणच म्हणायची. वाचताना वजिराचं नाव आलं की पाय आपटायचे, भांडी बडवायची, असा दणका उडवायचा की ते नाव कोणाच्या कानी पडू नये. बाई एकट्याच वाचायच्या आणि एकट्याच चपलेनं फरशी बडवायच्या. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा सोसायटीकडे तक्रारही केली होती.

त्या वर्षी इस्राएलमध्ये लढाई पेटली होती. मुलाचा रोज फोन यायचा, आणि बोलता बोलता मागे भोंगा वाजायचा. “आई, ठेवतो,” म्हणून तो सुरक्षित खोलीत पळायचा. बाई फोन हातात धरून तशाच बसून राहायच्या. तो भोंगा मी एकदा त्यांच्या घरी ऐकला. नंतर बरेच दिवस कुकरच्या शिट्टीनंही दचकत होते.

सण जवळ आला आणि बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्सची वाट पाहत असताना त्यांनी मला कपाट उघडायला लावलं आणि गुंडाळी माझ्या हातात दिली, पांढऱ्या कापडात बांधलेली.

“घराला कुलूप राहणार. ही तुझ्याकडे ठेव. सणाच्या दिवशी दवाखान्यात आण. मी तिथे वाचीन.”

मी हो हो म्हणत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

“ज्या वर्षी मी ही वाचली नाही, त्या वर्षी माझे यजमान गेले. आता माझा मुलगा तिकडे आहे. कळलं ना?”

कळलं. शाळेतही त्या असंच विचारायच्या आणि न कळलेल्यालाही कळायचं.

गुंडाळी घेऊन घरी आले आणि पहिला प्रश्न पडला, ठेवायची कुठे. घरी माझी आई. वय ऐंशीच्या पुढे, माहेर सावनेरजवळच्या खाप्याचं, माहेर आणि सासर दोन्ही कोष्ट्यांची घरं, म्हणजे हातमागावर लुगडी विणणारी. आई धीट आहे असं सगळे म्हणतात. सापाला भीत नाही, डॉक्टरला भीत नाही. पण करणीला भिते. दारात लिंबू दिसला तर दूध घ्यायलाही दार उघडायची नाही. आणि इथे काय होतं, तर पांढऱ्या कापडाचं गाठोडं, आत कातडं, कातड्यावर काळी, न वाचता येणारी अक्षरं. तिला समजावायचं तर रोमी फौजेपासून सुरुवात करावी लागली असती. मी ते टाळलं. बाल्कनीतल्या कपाटात, जुन्या स्वेटरांच्या मागे गुंडाळी सारून दिली. रांजणवाल्यानंही जागा अशीच घाईत शोधली असणार.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, आवाजात जोर होता. “उद्या सकाळी आण. आणि माझा जाड भिंगाचा चष्मा.” मी लगेच कपाट उघडलं. स्वेटर होते. मागे काही नव्हतं.

एकेक स्वेटर झटकून पाहिला. मग जिथे ठेवलीच नव्हती तिथेही पाहिलं, तांदळाच्या डब्यामागे, गादीखाली. आई त्या दिवशी सकाळीच तिच्या भाच्याच्या गाडीनं खाप्याला, मामाकडे गेली होती. तिला फोन लावला.

“आई, बाल्कनीतल्या कपाटात गाठोडं होतं, पाह्यलं काय तू?”

“कोणतं? थे कातड्याचं?” आईचा आवाज अगदी शांत. “थे तं मी नदीत सोडलं. येतायेताच.”

“काहून?”

“काहून म्हंजे? कोणं तरी करून ठेवलं ना आपल्या घरात. काय काय लिवलं होतं त्याच्यावर काऱ्या शाईनं. तुले भेव लागन म्हणून सांगतलं नाई.”

मला भीती वाटेल म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. तिला भीती वाटेल म्हणून मी सांगितलं नव्हतं. दोघींनी एकमेकींना जपलं होतं आणि मधल्या मध्ये कोणाच्या तरी मुलाचा जीव नदीत गेला होता. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण गॅस बंद आहे का हे पाहायला न थांबता मी गाडीत बसले, हेही खरं.

सावनेर रोडला कोळशाचे ट्रक असतात. एरवी मी त्यांच्या मागे अदबीनं चालते. त्या दिवशी ओव्हरटेक केले, डोळे मिटायची इच्छा होत असताना केले. सगळा वेळ डोक्यात शाई होती. काजळी आणि डिंकाची शाई हजार वर्षं टिकते, फक्त पाणी लागू देऊ नका, हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलं होतं की मलाच माझा राग आला. ज्यू लोक जीर्ण पोथी फेकत नाहीत, जाळत नाहीत. बंद खोलीत ठेवतात, नाहीतर माणसासारखी जमिनीत पुरतात. आपल्याकडे फाटकी पोथी, देवाचा फुटका फोटो वाहत्या पाण्यात सोडतात. दोन्हीकडे भाव एकच, अक्षराचा अपमान होऊ नये. जन्मभर हे शिकवलं आणि घरातल्या घरात सांगायचं राहून गेलं.

आई मामाच्या ओट्यावर बसली होती. बाईंची गुंडाळी आहे, उद्या त्यांना वाचायची आहे, मुलासाठी वाचायची आहे, असं मी भडाभडा सांगितलं. आईचा चेहरा उतरला. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

“बाईची हाय? मलिद्यावाल्या बाईची?” ती उठलीच. “चाल. जागा दाखवतो.”

कन्हान नदीला पाणी कमी होतं. वाळू उघडी पडलेली, मधून एक धार, आणि काठाशी साचलेलं डबकं. त्यात नारळ, हारांचे दोरे, गणपतीच्या पाटांचे सांगाडे, प्लास्टिक. आईनं बोट दाखवलं आणि मी उतरले. मला पाण्याची भीती वाटते, पाण्यातल्या न दिसणाऱ्या वस्तूंची त्याहून. पायाखाली काहीतरी मऊ सरकलं तेव्हा मी ओरडले. काठावरून आई म्हणाली, “शेवाळ हाय वं, चाल पुढं.” माझं पांढरं गाठोडं मला कुठेच दिसत नव्हतं.

“पांढरं नोको पाहू,” आई ओरडली. “हिरवं पाय. माह्या लुगड्याचं.”

तिनं ते पुन्हा बांधलं होतं. आपल्या जुन्या लुगड्याचा, माझ्या वडिलांनी मागावर विणलेला काठाकडचा तुकडा फाडून त्यात घट्ट गुंडाळलं होतं, निरगाठ मारली होती. का, असं मी नंतर विचारलं. “कोणाचं का असंना. उघडं कसं सोडाव पाण्यात?” म्हणाली.

एका पाटाच्या खिळ्याला तो हिरवा तुकडा अडकलेला सापडला. मी तो छातीशी धरून बाहेर आले आणि वाळूत बसून रडले. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिचं लक्ष गाठीकडे होतं. दातानं सोडवली तिनं.

घट्ट विणीनं जमेल तेवढं पाणी अडवलं होतं. आतले थर दमट होते पण अक्षरं जागच्या जागी होती. सगळ्यात बाहेरचा थर मात्र गेला होता. गुंडाळी गुंडाळतात ती शेवटाकडून, म्हणजे बाहेर येते ती गोष्टीची सुरुवात. पहिलं कातडं पायसातल्या सायीसारखं मऊ झालं होतं. त्यावर राखाडी पुसट धार होती आणि एकही अक्षर नव्हतं. तात भिजून सुटली होती, तेवढा तुकडा वेगळाच हातात आला.

मामाकडचा हातमाग बरीच वर्षं बंद होता. त्यावर आईनं धुतलेलं धोतर ताणलं आणि गुंडाळी त्यावर सावलीत उलगडून पसरली. उन्हात घातली असती तर पापडासारखी आकसली असती, हे मी सांगायच्या आत ती म्हणाली, “सूत बी उनात नाई वाळवत.” फाल्गुनातली कोरडी हवा होती. संध्याकाळपर्यंत कातडं कडक व्हायला लागलं. आम्ही दोघी मागाच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मी मनातल्या मनात उद्याचं खोटं रचत होते.

खोटं चांगलं होतं. हवेतला दमटपणा, जुन्या शाईचा दोष, काळाचा परिणाम. मला या विषयातलं कळतं, बाई मानतील. डॉक्टरांनीही त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका म्हटलं होतं. सकाळी दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मी ते मनात घोकत होते. आई सोबत आली होती. मी नको म्हटलं तरी आली, ठेवणीतलं पातळ नेसून. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. चष्मा लावला, हात पुढे केले. मी गुंडाळी दिली आणि म्हणाले, “बाई, जरा दमट हवेमुळे...”

“म्या सोडली नदीत,” आई म्हणाली. “हिचं काई नाई. मले वाटलं कोणं करणी केली. तुमची हाय हे मले मालूम नोतं.”

बाईंनी गुंडाळीकडे पाहिलं. सुटं झालेलं पहिलं कातडं उचललं, उजेडात धरलं, उलटं केलं. मग खाली ठेवलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

“सुरुवातच नाही,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीशिवाय वाचन होत नाही. तुम्हाला कळतंय का काय केलंत? काल रात्रीपासून त्याचा फोन नाही.”

हे त्या आईला म्हणाल्या, आवाज चढवून. शेवटी तो फाटला. मला खोलीबाहेर पळावंसं वाटलं. मी दाराकडे पाहिलंसुद्धा. आई जागची हलली नाही.

“मले सांगा काय करू मी,” आई म्हणाली. “मले तं एकच पोरगी झाली, पण जीव सारखाच राह्यते. काय कराव लागन थे सांगा. उपास सांगा, काई बी सांगा.”

सलाईनकडे पाहायलाही मला भीती वाटत होती. मग बाईंनी डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “बसा.”

आई स्टुलावर बसली. मीही बसले.

“शिकलेले लोक याला वाचन म्हणणार नाहीत. पण माझ्या आजीला हिब्रू येत नव्हतं, ती मराठीतच सांगायची. जेवढं धुऊन गेलं तेवढं मी तोंडानं सांगते, जिथून अक्षरं आहेत तिथून वाचते. आणि वजिराचं नाव आलं की मी बोट वर करीन. तेव्हा वाजवायचं.”

आईनं ट्रेमधलं जेवणाचं ताट आणि चमचा घेतला.

बाईंनी ते कोरं कातडं मांडीवर ठेवलं आणि त्यावरून बोट फिरवत सांगायला लागल्या. राजानं मेजवानी दिली. महालात पांढरे, निळे पडदे लावले होते.

“पडदे कायचे?” आईनं विचारलं.

“कापसाचे,” बाई म्हणाल्या. “हिब्रूतसुद्धा तो शब्द आपल्याच कापसाचा आहे.”

“सुती,” आई माझ्याकडे पाहून म्हणाली. तेव्हापासून ती गोष्ट तिची झाली. त्या मुलीला महालात आणलं तेव्हा आईनं विचारलं, “लेकराले सोबत कोणी नोतं काय?” वजिराचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा तिनं ताट असं बडवलं की नर्स धावत आली. मग कोऱ्या कातड्याची कड संपली, बाईंचं बोट पहिल्या अक्षरावर आलं आणि आवाज बदलला. पुढचं सगळं हिब्रूत होतं. आई एक शब्द कळत नसताना बाईंच्या बोटाकडे डोळे लावून बसली होती.

वाचून झाल्यावर बाई दमून आडव्या झाल्या. दुपारी मुलाचा फोन आला. काही नव्हतं, तिकडे नेटवर्क बंद होतं इतकंच. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. वाचनानं फोन आला असं मी म्हणत नाही. आई म्हणते.

बाई चालायला लागल्या तसा मुलगा येऊन त्यांना इस्राएलला घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ते धुतलेलं कातडं आईच्या हातात दिलं. जीर्ण पोथी पुरायची असते, पण ते पुरायला त्यांचं मन होईना.

“हे तुमच्याकडे असू दे, ताई. उरलेलं मी नेते. सुरुवात तुम्ही सांगत जा, पुढचं मी वाचीन.”

आईनं ते त्याच हिरव्या तुकड्यात बांधलं आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलं. कातडं देवघरात ठेवलेलं माझ्या माहितीत हे पहिलंच.

आता त्या सणाच्या दिवशी आमची दुपार आणि त्यांची सकाळ असताना फोन लागतो. आई चटईवर बसते, कोरं कातडं मांडीवर घेते, बोट फिरवते. “एक राजा होता. लय मोठा. त्याच्या घरी सुती पडदे होते, हातमागाचे.” दर वर्षी पडद्यांचं वर्णन वाढतं. वजीर दिवस ठरवतो तिथे तिचं कातडं संपतं. मग ती म्हणते, “सांगा बाई पुढं,” आणि तिकडून बाईंचं वाचन सुरू होतं.

यंदाही तसंच झालं. बाई वाचत होत्या. आवाज बराच बारीक झाला आहे. आईच्या हातात ताट आणि लाटणं होतं. आणि मध्येच फोनमधून तो भोंगा आला, लांबून चढत, खोलीभर पसरत. बाईंचा आवाज तुटला. खुर्ची सरकली, कोणीतरी हिब्रूत हाका मारल्या, पावलं, दार. मी जागची उठले. फोन बंद करावा, ऐकूच नये, एवढंच मला सुचत होतं. माझा हात फोनपर्यंत गेला होता.

आईनं ताट बडवायला सुरुवात केली. आधी साधं, मग दोन्ही हातांनी. भोंगा चढला तशी ती चढली. लाटणं सुटलं तर मुठीनं बडवलं. चेहरा लाल झाला होता, पदर खाली आला होता. खालच्या मजल्यावरून कोणी तरी ओरडलं. भोंगा ऐकू येईनासा झाला, की थांबला, मला कळलं नाही. मी फोन बंद केला नाही. दोन्ही हातांनी धरून तिच्या ताटाजवळ नेला.

कितीतरी वेळानं फोनमध्ये खरखर झाली.

“ताई,” बाईंचा आवाज आला, धापा टाकत. “ताई, थांबा. इथे वजिराचं नाव नव्हतं.”

आईनं ताट मांडीवर घेतलं. तिची मूठ सुजली होती.

“मले तं आल्यासारखंच वाटलं,” ती म्हणाली. “वाचा तुमी पुढं.”